श्रीखंड: जाडजूड, तिरप्या डिस्प्ले टाइपफेसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीखंड हा नेमका कसला टाइपफेस आहे?

मोठ्या मथळ्यांसाठी काढलेला, अतिशय जाड आणि मुळातच उजवीकडे झुकलेला डिस्प्ले टाइपफेस. जॉनी पिनहॉर्न यांनी तो रोमन आणि गुजराती अशा दोन लिप्यांत काढला आहे. पॉपिन्स या बहुतेकांच्या ओळखीच्या फॉन्टची रोमन अक्षरेही त्यांचीच. श्रीखंड गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. त्यात एकच शैली आहे. हलका, मध्यम, सरळ असे भाऊबंद त्याला नाहीत.

हे वळण आले कुठून?

गुजरातमधल्या रस्त्यांवर ब्रशने रंगवलेल्या पाट्यांवरून. पाटी रंगवणारा चपटा ब्रश दाबून ओढतो तेव्हा रेघ फुगते आणि उचलत नेतो तेव्हा ती निमुळती होते. श्रीखंडात हा फुगवटा आणि निमुळतेपणा पुरेपूर दिसतो. उभ्या रेघा गलेलठ्ठ, जोड मात्र बारीक. टोके मऊ, कोपरे बोथट, आणि अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा अगदी थोडी.

रोमन अक्षरांत दुसरेही एक घराणे जाणवते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये भित्तिपत्रकांसाठी ‘फॅट फेस’ नावाची प्रचंड जाड अक्षरे निघाली, त्यांची तिरपी रूपेही निघाली. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत कूपर ब्लॅक आला, तो जाडीला गोलाई देणारा. श्रीखंडाची रोमन बाजू या दोघांच्या मधे कुठेतरी बसते: फॅट फेससारखा जाड-बारीकचा फरक, कूपरसारखा मऊपणा. पण झुकाव आणि लय पाटीवाल्याचीच.

फॉन्ट इतका जाड आणि तिरपा आहे, मग मेनूत त्याचे नाव ‘रेग्युलर’ का दिसते?

कुटुंबात एकच फॉन्ट असला की त्याची नोंद रेग्युलर, म्हणजे ४०० वेट, अशीच होते. ही नोंद सॉफ्टवेअरसाठी असते. अक्षर डोळ्याला किती जाड दिसते याच्याशी तिचा संबंध नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ मात्र इथेच आहे.

वेबपानावरचा मुख्य मथळा ब्राउझर आपणहून बोल्ड धरतो. त्याला श्रीखंड लावला की ब्राउझर पाहतो, बोल्ड हवा आहे पण मिळालाय ४०० चा. मग तो स्वतःच अक्षर फुगवतो. आधीच चिंचोळी असलेली पोटे त्यात बुजतात, रोमन ‘a’ आणि ‘e’ ची भोके डाग दिसू लागतात. त्यावर कोणी जोर देण्यासाठी इटॅलिकचा टॅग लावला तर तिरप्यावर आणखी तिरपेपणा चढतो. वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या नियमांत तिरपेपणाचा अंश दिला नसेल तर तो १४ धरलेला आहे. म्हणजे मूळ झुकावात १४ अंशांची भर पडून अक्षर आडवे व्हायच्या बेतात येते.

उपाय दोन ओळींचा. मथळ्याचे फॉन्ट-वेट ४०० आणि फॉन्ट-स्टाइल नॉर्मल असे स्पष्ट लिहा. शिवाय फॉन्ट-सिंथेसिस या गुणधर्माला ‘नन’ ही किंमत द्या, म्हणजे ब्राउझर स्वतःहून काही फुगवणार किंवा तिरपे करणार नाही. वर्ड, पॉवरपॉइंट, कॅनव्हा यांत नियम एकच: बी (बोल्ड) आणि आय (इटॅलिक) ही दोन बटणे या फॉन्टसाठी अस्तित्वातच नाहीत असे समजा. फोटोशॉपच्या कॅरेक्टर पॅनेलमधले ‘फॉ बोल्ड’, ‘फॉ इटॅलिक’ आधीच्या कामातून चालू राहिलेले असतात, तेही तपासा.

एखादा सरळ जाड फॉन्ट संगणकाने तिरपा केला तर तेच होत नाही का?

नाही, आणि का ते आकड्यांत दाखवता येते. समजा सगळी अक्षरे १२ अंशांनी उजवीकडे ढकलली.

उभ्या रेघेची आडवी रुंदी तेवढीच राहते, पण रेघ कललेली असल्याने तिची खरी जाडी सुमारे २ टक्क्यांनी घटते. हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आडव्या रेघांना काहीच होत नाही. घोळ होतो तो तिरक्या रेघांत आणि गोलाईत. डावीकडे खालून उजवीकडे वर जाणारी ४५ अंशांची रेघ जवळपास १० टक्क्यांनी बारीक होते. उलट दिशेची, म्हणजे डावीकडे वरून उजवीकडे खाली येणारी, ११ टक्क्यांनी जाड होते. रोमन ‘o’ सारखे गोल अक्षर वर उजवीकडे आणि खाली डावीकडे सुजते, उरलेल्या दोन कोपऱ्यांत आक्रसते. बारीक टायपात हे खपून जाते. अक्षराची चौकट हजार एककांची धरली आणि रेघ त्यातली २०० एककांची असली, तर १० टक्के म्हणजे २० एककांचा फरक, आणि तो पाटीवर लांबूनही दिसतो.

श्रीखंडात हे सगळे तोल हाताने साधलेले आहेत. शिवाय रोमनच्या लहान अक्षरांना धावत्या हाताचे वळण आहे, सरळ अक्षरे नुसती कलवलेली नाहीत.

यात मराठी टाइप करता येते का?

नाही. श्रीखंडात देवनागरी अक्षरेच नाहीत. नाव वाचून आपल्याकडचे बरेच लोक तो उतरवून घेतात, मराठी मथळ्याला लावतात आणि म्हणतात, फॉन्ट बदललाच नाही. मराठी मजकूर दिसतो, पण तो संगणकाने गुपचूप वापरलेल्या दुसऱ्या फॉन्टमध्ये. विंडोजवर तो बहुधा निर्मला किंवा मंगल असतो. त्याला बोल्ड-इटॅलिक लावले तर तिरपेपणा पुन्हा यंत्राचाच, कारण या दोन्हींत इटॅलिक नाही.

मुंबईत या फॉन्टला काम भरपूर आहे. काळबादेवी, भुलेश्वर, घाटकोपर, मुलुंड भागांत गुजराती पाट्या जुन्या आहेत. गुजराती छपाईची सुरुवातही मुंबईतलीच: फर्दुनजी मर्झबान यांचा छापखाना १८१२ चा, मुंबई समाचार १८२२ चा.

गुजराती इतकी छान तिरपी होते, मग देवनागरीचेच का अडते?

तीन कारणे आहेत. तिन्ही एकमेकांत गुंतलेली.

पहिले, शिरोरेखा. गुजरातीत ती नाही, प्रत्येक अक्षर सुटे उभे राहते आणि सुटे झुकू शकते. देवनागरीत शब्दाच्या डोक्यावरून आडवी रेघ जाते आणि अक्षरे तिला टांगलेली असतात. ढकलल्यावर ही आडवी रेघ आडवीच राहते, फक्त सरकते. बाकी सगळे कलले, सगळ्यात ठळक रेघ मात्र जागच्या जागी. त्यामुळे शब्द धावतोय असे वाटत नाही, शिरोरेखेखाली अक्षरे घसरल्यासारखी दिसतात. रोमन किंवा गुजराती शब्दाला अशी सलग आडवी रेघ नसते, म्हणून तिथे झुकाव मोकळा वाटतो.

दुसरे, लेखणीचा कोन. रोमन अक्षरे ज्या कोनात धरलेल्या टाकाने घडली, त्याच्या उलट कोनात कापलेल्या बोरूने देवनागरी घडली. म्हणून देवनागरीत डावीकडे खालून उजवीकडे वर जाणाऱ्या रेघा जाड असतात आणि उलट दिशेच्या बारीक. आता वरचे आकडे पुन्हा पाहा. यंत्राचा तिरपेपणा नेमकी बोरूची जाड रेघ १० टक्के कातरतो आणि बारीक रेघ ११ टक्के सुजवतो. रोमनमध्ये हाच बदल मूळ जाड-बारीकच्या बाजूने जातो, देवनागरीत विरुद्ध जातो. अक्षर बिघडल्यासारखे दिसते पण नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, असे जे होते त्याचे कारण हे.

तिसरे, वरखालची चिन्हे. हजार एककांच्या चौकटीत शिरोरेखा ६५० वर, मात्रेचे टोक ९०० वर आणि उकाराचे टोक उणे २५० वर आहे असे धरू. १२ अंशांना शिरोरेखा १३८ एकके उजवीकडे जाते, मात्रेचे टोक १९१ आणि उकार उलट ५३ एकके डावीकडे. म्हणजे मात्रा शिरोरेखेच्या मानाने ५३ पुढे आणि उकार काना सोडून मागे. ‘र्की’, ‘र्मीं’, ‘टिंबू’ अशा ठिकाणी रफार, अनुस्वार आणि वेलांटी एकमेकांना किंवा पुढच्या अक्षराच्या मात्रेला भिडतात. पहिल्या वेलांटीची कमान पुढे झुकून आपल्या अक्षराच्या पलीकडे डोकावते. गुजरातीतही मात्रा, रफार आहेत आणि त्यांच्या जागा सांभाळाव्या लागतातच, पण शिरोरेखेशी जुळवून घ्यायचे नसल्याने वाव जास्त मिळतो.

मग देवनागरीत तिरपे फॉन्ट नाहीतच का?

आहेत, पण मोजके. अपराजिता, कोकिला आणि उत्साह हे तीन फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. विंडोज ७ बरोबर आले आणि तिघांतही रेग्युलर, बोल्ड, इटॅलिक आणि बोल्ड इटॅलिक अशा चार शैली आहेत. विंडोज १० मध्ये ते आपोआप दिसत नाहीत. सेटिंग्जमधल्या ऐच्छिक सुविधांत देवनागरीचे पूरक फॉन्ट म्हणून ते वेगळे बसवावे लागतात. पुस्तकात अवतरणासाठी ते चालतात, श्रीखंडाच्या शेजारी मात्र किरकोळ पडतात.

पॉपिन्सच्या नऊही जाड्यांना इटॅलिक आहे, सर्वांत जाड ‘ब्लॅक इटॅलिक’. त्याची घडण भूमितीय, रेघा जवळपास एकसारख्या जाडीच्या. खेळांच्या किंवा मोबाइलच्या जाहिरातीला ठीक, फरसाणाच्या पाकिटाला कोरडा. कलम हा हस्ताक्षरी फॉन्ट आहे. त्याचा बोल्डही उजवीकडे कललेला दिसतो, पण अंगाने बारीक.

श्रीखंडाशेजारी मराठी ओळ कोणत्या फॉन्टात लावावी?

कोन जुळवायचा नाद सोडा, काळेपणा जुळवा. लांबून डोळे किलकिले करून पाहिल्यावर दोन्ही ओळी सारख्याच गडद दिसल्या पाहिजेत. एक तिरपी आणि एक सरळ असणे मुळीच खटकत नाही. एक काळीकुट्ट आणि एक राखाडी असणे लगेच खटकते.

जाड-बारीकचा फरक हवा असेल तर रोझा वन. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा एकाच जाडीचा फॉन्ट मोठ्या मथळ्यांसाठीच आहे आणि त्यातला जाड-बारीकचा फरक फार तीव्र आहे. श्रीखंडाशी स्वभावाने सर्वांत जवळचा हाच. मात्र तो जरा औपचारिक आहे आणि त्याच्या बारीक रेघा लहान छपाईत तुटतात.

गोड, गुबगुबीत बाज हवा असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचा मोदक. त्यात अक्षरांची पोटे नुसत्या फटी उरल्या आहेत, म्हणून तो दोन-तीन शब्दांपुरताच. नाव लांब असेल, जोडाक्षरे बरीच असतील तर त्यांचाच बलू २, ८०० वेटमध्ये. ‘श्री लक्ष्मीनृसिंह’ मोदकमध्ये लावून पाहा आणि मग बलूमध्ये. निवड लगेच होईल.

पाटीचा रंगारी बाज टिकवायचा असेल तर यात्रा वन. तो मुंबईच्या रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या अक्षरांवरून काढला आहे. श्रीखंडापेक्षा हलका असल्याने तो साधारण सव्वापट मोठा ठेवा.

कोणताही घ्या, आधी ‘शेतकऱ्यांच्या कुऱ्हाडी, लाल शाल’ एवढे टाइप करून पाहा. अर्धा र नीट जोडला जातो का आणि ल, श मराठी वळणाचे येतात का हे एका ओळीत कळते. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल, श दडलेले असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावरच बाहेर येतात.

दुकानाची पाटी श्रीखंडात करायची आहे. मराठी नाव खाली बारीक चालेल का?

महाराष्ट्रात चालणार नाही. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार नाव देवनागरीत मराठीत हवेच, आणि त्याच्या अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. मराठी आधी यायला हवे. म्हणून मांडणीच उलटी करा: वर मराठी नाव रोझा किंवा बलूमध्ये, खाली श्रीखंडात गुजराती किंवा रोमन. मोजताना फॉन्टचा पॉइंट साइज धरू नका. त्याच पॉइंटला देवनागरी अक्षर रोमन कॅपिटलपेक्षा ठेंगणे दिसते. कापून लावलेले अक्षर पट्टीने मोजा, शिरोरेखेपासून पायापर्यंत.

देवनागरी ओळीला तरीही गती हवी असेल तर?

काने कलवू नका, शिरोरेखा चढवा. मराठी नाटकांच्या जाहिराती आणि शीर्षके हाताने काढली जात, त्या अक्षरलेखनात ही युक्ती बरीच दिसते: ओळ वर चढत जाते, काने मात्र उभेच. या प्रकारात चिन्हे डावी-उजवीकडे सरकत नाहीत, मात्रा आपल्या अक्षराच्या डोक्यावरच राहते आणि उकार पायाखालीच. गती सगळ्यात ठळक रेघेतूनच मिळते.

करायचे असे:

१. शब्द टाइप करून शुद्धलेखन पक्के करा. नंतर बदल करणे जिकिरीचे आहे.

२. अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे नुसते आकार होतात. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल+क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल+शिफ्ट+ओ.

३. सगळे तुकडे एकसंध करा. कोरलड्रॉमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. कंबाइन करू नका. कंबाइन केले की शिरोरेखा जिथे एकमेकींवर चढल्या आहेत तिथे पांढरी छिद्रे पडतात.

४. उभ्या दिशेचा स्क्यू, म्हणजे ओळ तिरपी वर ढकलणे, ५ ते ७ अंश. ६ अंशांत तिरक्या रेघांची जाडी ५ टक्क्यांच्या आसपासच हलते, डोळा ते माफ करतो. १० च्या पुढे गेलात तर वर सांगितलेले सगळे दोष परत येतात.

५. जागा मोजा. ६ अंशांत प्रत्येक मीटर लांबीला ओळ साडेदहा सेंटीमीटर वर चढते. १० फुटी फ्लेक्सवर म्हणजे जवळपास ३२ सेंटीमीटर. उजवीकडे वर तेवढी मोकळी जागा नसेल तर शेवटच्या अक्षराची मात्रा कापली जाणार.

श्रीखंडातली ओळ सोबत असेल तर तिलाही तेवढाच उभा स्क्यू द्या, म्हणजे दोन्ही ओळी समांतर राहतील. नुसती फिरवलेली चालणार नाही: चढत्या दिशेला ८ अंश फिरवली तर १२ अंश झुकलेले अक्षर कागदावर ४ अंशांचेच उरते आणि फॉन्टचा सगळा डौल जातो.

किती मोठा वापरावा?

पडद्यावर ३२ पिक्सेलच्या खाली उतरू नका. २४ ला पोटे भरू लागतात. छापील पानावर २४ पॉइंटपासून पुढे. पाटीसाठी साइनबोर्डवाल्यांचा ठोकताळा आहे: दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर. श्रीखंडासाठी तो दीडपट करा, कारण दुरून ओळख पटते ती आतल्या मोकळ्या जागेवरून आणि ती इथे कमी आहे. ४० फुटांवरून वाचायचे असेल तर ४ ऐवजी ६ इंच.

किती शब्द चालतात? सगळी कॅपिटल अक्षरे लावली तर?

एक ते चार शब्द. पाचव्या शब्दाला पान ओरडू लागते. कॅपिटलची अख्खी ओळ टाळाच. या फॉन्टची मजा लहान अक्षरांच्या वळणात आणि वरखाली होणाऱ्या उंचीत आहे. सगळी कॅपिटल म्हणजे काळ्या ठोकळ्यांची माळ. पहिले अक्षर कॅपिटल, बाकी लहान.

अक्षरांतील आणि ओळींतील अंतर किती ठेवावे?

अक्षरांतर मूळचेच राहू द्या. फार तर ७२ पॉइंटच्या वर उणे ५ ते उणे १० ट्रॅकिंग. वाढवू मात्र नका, धावता हात तुटतो. सोबतच्या देवनागरी ओळीला तर ट्रॅकिंग शून्यच हवे. वाढवले की शिरोरेखेत फटी पडतात, कमी केले की मात्रा एकमेकींवर चढतात.

ओळींतर रोमनसाठी अक्षराच्या १.० ते १.१ पट पुरते, गुजरातीला मात्रांमुळे १.२५ ते १.३५, देवनागरीला १.४.

तिरप्या ओळीचे मध्य साधणे फसवे असते. सॉफ्टवेअर चौकट मध्ये ठेवते आणि ओळ डोळ्याला उजवीकडे कललेली वाटते. अक्षराच्या अर्ध्या उंचीवर डावी-उजवी मोकळी जागा मोजून ओळ थोडी डावीकडे घ्या.

वेबपानावर शेवटचे अक्षर उजवीकडे कापले जाते. का?

झुकलेल्या अक्षराचे टोक त्याच्या नोंदलेल्या रुंदीबाहेर जाते. मथळ्याच्या चौकटीला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचे लपवा) असेल, किंवा अक्षरात ग्रेडियंट भरण्यासाठी पार्श्वभूमी अक्षरांपुरती कापली असेल, तर ते टोक छाटले जाते. उजवीकडे अक्षराच्या ०.१५ पट पॅडिंग द्या. व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमध्येही असेच होते. तिथे शब्दानंतर एक स्पेस टाकली की बहुधा सुटते.

बाह्यरेषा, सावली, रंग?

बाह्यरेषा अक्षराच्या बाहेरच्या बाजूला हवी. मध्यावर ठेवलेली रेषा निम्मी आत शिरते आणि बारीक जोड खाऊन टाकते. अक्षराच्या उंचीच्या ३ ते ४ टक्के पुरे. सावली खाली उजवीकडे किंवा खाली डावीकडे, दोन्ही चालतात.  पसरट, धुरकट सावली मात्र या अक्षराला चिखलात उभे करते. पाटीवाल्याची सावली नेहमी कडक कडेची असे, तीच इथे शोभते.

गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर छापताना शाई आत पसरते. बारीक जोड छापल्यावर किमान अर्धा मिलिमीटर उरतील एवढे अक्षर मोठे घ्या.

फ्लेक्स, रेडियम कटिंग, भरतकाम यांत काय बिघडते?

फ्लेक्सवर फारसे काही नाही, हा फॉन्ट त्यासाठीच जन्मल्यासारखा आहे. प्रत्यक्ष आकाराला ७२ ते १०० डीपीआय पुरते. फाइल देताना कर्व्ह करून द्या, नाहीतर प्रिंटरच्या संगणकावर फॉन्ट नसला की सकाळी चौकात एरिअल झळकतो.

रेडियमच्या प्लॉटरवर सोबतची देवनागरी ओळ घात करते. शिरोरेखेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात आणि वेल्ड केले नसेल तर यंत्र प्रत्येक तुकड्याची कड कापते. मग ट्रान्सफर टेपने उचलताना अक्षरे सुटी होऊन येतात. श्रीखंडाच्या बाबतीत बारीक जोड २ मिलिमीटरच्या आत गेले तर नको असलेला भाग सोलताना तेही उचकटतात. गाडीच्या काचेवर त्यामुळे ३ इंचांहून लहान अक्षर करू नये.

भरतकामात अडचण उलटी, जाडीची. सॅटिन टाका ७-८ मिलिमीटरपेक्षा रुंद झाला की धागा सैल राहतो आणि अडकतो. छातीवरच्या लोगोत हे होत नाही, पाठीवरच्या मोठ्या नावात हमखास होते. डिजिटायझरला, म्हणजे भरतकामाची फाइल बनवणाऱ्याला, जाड भागांसाठी भराव टाका वापरायला सांगा आणि जोडांची जाडी किमान १ मिलिमीटर ठेवायला सांगा.

फोटोशॉपमध्ये गुजराती किंवा मराठी अक्षरे फुटतात.

फॉन्टचा दोष नाही. जुन्या आवृत्तीत परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी मांडणी निवडा. इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरमध्येही वर्ल्ड-रेडी कंपोझर हवा. ती नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर चिकटवला असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

सोबतच्या बारीक मजकुराला कोणता फॉन्ट?

शांत, सरळ, रुंद पोटांचा. मराठीसाठी मुक्ता किंवा हिंद. मजकुरात तिरपेपणा नको, नाहीतर मथळ्याची मिजास उतरते.

कुठे वापरू नये?

किंमत, फोन नंबर, पत्ता, घटकपदार्थ, वजन, परवाना क्रमांक: थोडक्यात, चुकीचे वाचले तर नुकसान होईल असे काहीही. बारीक आकारात या जाडीचे ३, ८ आणि ६ एकमेकांची जागा घेतात. शोकसंदेश, दवाखान्याची पाटी, सरकारी नोटीस इथेही नको. मिठाईचे दुकान, थाळीचे मेनूकार्ड, नवरात्राचे पोस्टर, लग्नपत्रिकेच्या पाकिटावरचे नाव, टी-शर्ट, यूट्यूबची थंबनेल ही त्याची हक्काची ठिकाणे. रुपयाचे चिन्ह किंवा ‘ṇ’, ‘ṭ’ सारखी खाली टिंब असलेली रोमन अक्षरे लागणार असतील तर आधी टाइप करून पाहा. त्यांचा चेहरा बाकी ओळीपेक्षा वेगळा दिसला तर ती दुसऱ्या फॉन्टातून आली आहेत.

धंद्यासाठी वापरायला पैसे द्यावे लागतात का? लोगो केला तर?

पैसे नाहीत. परवाना एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स १.१. पाटी, पाकीट, वेबसाइट, ॲप, विक्रीचा टी-शर्ट सगळे चालते, श्रेय छापण्याचीही सक्ती नाही. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही. अक्षरांत बदल करून नवा फॉन्ट काढला तर तोही याच परवान्याखाली द्यावा लागतो. ही अट फॉन्टला आहे, त्यातून केलेल्या चित्राला किंवा लोगोला नाही.

लोगोबाबत व्यवहाराची गोष्ट वेगळी. हेच अक्षर शेजारच्या दुकानदारालाही फुकट मिळते. म्हणून कर्व्ह केल्यावर एक-दोन अक्षरे हाताने बदला: पहिल्या अक्षराचे शेपूट लांबवा, शेवटच्याचे टोक खालून मागे वळवून शब्दाखाली न्या. बदललेल्या जागी रेघेची जाडी मूळच्या लयीत फुगत-निमुळती होत गेली पाहिजे. सारख्या जाडीची शेपटी जोडली तर ती चिकटवल्यासारखी दिसते.